उभा तांब्या

वर्षाच्या पुण्यस्मरणाला आलेले भंतेजी जेवून गेले. पाहुण्यांनी ऊन आणखी तापायच्या आत जीपगाड्या धरल्या. घरात घरचीच माणसं उरली तेव्हा तुळसाबाईनं विचारलं, "मंग, पालथा करायचा का आज?"

सगळ्यांनी मधल्या खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे थोरल्या सुनेच्या, ममताच्या फोटोखाली, पाटावर, पितळेचा तांब्या उभा होता. ती गेली त्या दिवसापासून तो तिथेच होता.

मे महिन्याची दुपार होती. दारव्ह्यात लाइट गेलेली होती आणि पंख्याची पाती जिथे थांबायची तिथे थांबली होती. बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं.

"करायचा," तिचा नवरा संघदीप म्हणाला. "फिटलं तिचं. मागच्या चेकात फिटलं."

तांब्याची ही रीत तुळसाबाईच्या माहेरची. घरात धम्म आला, देव्हारा गेला, पण ही एक गोष्ट तिनं सोडली नाही. मेलेल्या माणसाचं देणं राहिलं असेल तर त्याचा तांब्या पाण्यानं भरून उभा ठेवायचा. देणं फिटलं की पालथा घालायचा. फिटत नसेल तर घरातल्या कोणीतरी ते देणं अंगावर घ्यायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. तोवर ते माणूस जात नाही, घरातच राहतं, असं ती म्हणायची. दोन्ही मुलांनी तेव्हाच सांगितलं होतं, "माय, आपण हे मानत नाही." त्यावर ती म्हणाली होती, "तुमी नका मानू. ती मानते का, ते तिले इचारा."

संघदीप मानत नव्हता. तरी रोज संध्याकाळी तो तांब्या काठोकाठ भरायचा. सकाळी पाणी दोन बोटं खाली गेलेलं असायचं. उन्हाळ्यात त्याला त्याचं काही वाटलं नाही. मग पावसाळा आला, भिंतींना ओल आली, वाळत घातलेला टॉवेल वाळेना, तरी पाणी दोन बोटं खाली जायचंच. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. तो जिनिंगमध्ये फिटर होता. यंदा कापूसच आला नाही म्हणून जिन होळीच्या आधीच बंद पडली. तेव्हापासून दिवसभरात त्याला नेमानं करायचं असं हे एकच काम उरलं होतं.

"फिटलं असं तू म्हणतं," तुळसाबाई म्हणाली. "बँक काय म्हणते?"

"बँक काय म्हणणार? म्या दर महिन्याले यवतमाळले जाऊन चेक टाकला. मागं लिहिलं, ममताच्या दवाखान्यासाठी. दुसऱ्या कशात जाईन कसा?"

"इचारून घे. एकडाव पालथा केला अन् देणं निंघालं, त मंग बरं नाही."

"आता कायले फोन करता, माय?" धाकटा धम्मरत्न भिंतीला टेकून बसला होता. तो सरळ झाला. "आजचा दिवस आहे वहिनीचा. उद्या पाहू."

"तुले काहून घाई सुटली उद्याची?" तुळसाबाई म्हणाली. "तुह्या दुकानात त आज बी गिऱ्हाईक नाही अन् उद्या बी नाही."

"कापूस नाही त कोल्ड्रिंक कोण पेते? त्यात माही काय चूक?"

"चूक कोण म्हणते? मी त फोनाचं म्हणून राह्यली."

धम्मरत्ननं बायकोकडे पाहिलं. रुपाली दाराशी बसून ताटं पुसत होती. पुसून झालेलंच ताट ती पुन्हा पुसत होती.

*

फोन करायचा म्हणजे रुपालीनं करायचा, हे घरात वर्षभर ठरलेलं होतं.

क्रेडिट कार्ड ममताचं होतं. ती उपकेंद्रावर नर्स होती. कोट घातलेला एक पोरगा आरोग्य केंद्रात आला आणि सगळ्या नर्सबायांना कार्डं देऊन गेला. त्या कार्डावर आधी धम्मरत्नच्या दुकानाचा फ्रीजर आला, हप्त्यांवर, कमी व्याजाच्या योजनेत. वहिनी नाही म्हणाली नव्हती. ती कोणालाच नाही म्हणायची नाही. जेवायलासुद्धा सगळ्यांना वाढून शेवटी बसायची. कोणी ये म्हटलं की म्हणायची, माझं मागून. पुढे तिच्या किडन्या गेल्या, आणि नागपूरच्या दवाखान्याबाहेरच्या एटीएममधून त्याच कार्डावर रोख काढावी लागली. एकदा, मग परत, मग परत.

ती गेल्यावर तिच्या मोबाइलवर बँकेचा फोन आला. ममता मॅडम आहेत का? तेव्हा धम्मरत्ननं बायकोच्या हातात फोन दिला होता. वारली म्हणून कळलं तर सगळी रक्कम एकदम मागतील, म्हणाला. हो म्हण फक्त. संघदीप तेव्हा बाहेर निंबाखाली बसला होता. त्याला नंतर सांगितलं. तो काहीच बोलला नाही. घरातल्यांनी ते हो समजून घेतलं.

पहिल्यांदा रुपाली फक्त हो म्हणाली. दुसऱ्यांदा जन्मतारीख सांगितली. नंतर तिच्या लक्षात आलं की फोन कानाला लावला की तिची बोली जाते. मले, तुले जाऊन मला, तुम्हाला येते. ममता फोनवर तसंच बोलायची, डॉक्टरांशी बोलून बोलून सवय झालेली. बोलण्याआधी ममता घसा खाकरायची, बारीक, दोनदा. रुपालीही तसं करू लागली. फोन ठेवल्यावर आपला आवाज परत यायला तिला वेळ लागायचा. तोवर ती कोणाशी बोलायची नाही. विहिरीवर जाऊन यायची.

पोळ्याच्या सुमारास बँकेनं एक नवा प्रश्न विचारला. तुमची पहिली शाळा कुठल्या गावची? रुपालीला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. ममताचं माहेर पुसदकडचं. तरी रुपाली अडखळलीसुद्धा नाही. "बोरी अरब," म्हणाली. बरोबर, मॅडम, असं पलीकडून आलं. नंतर तिनं सहज म्हणून सासूला विचारलं तेव्हा कळलं की ममताचे वडील रेल्वेत गँगमन होते आणि ती लहान असताना वर्षभर बोरीला होते. त्या रात्री रुपाली दिवा न विझवता झोपली.

आणि दिवाळीत तिला दुसरं कळलं. फ्रीजरचे पैसे संपले, असं पलीकडच्या मुलीनं सांगितलं. रुपालीला माहीत होतं की नवऱ्यानं दोनच हप्ते भरलेत. तिनं त्याला विचारलं, "मंग कोणाच्या पैशानं संपले?"

"बँकेनं सांगतलं न संपले? मंग संपले."

"भाऊजीच्या चेकानं संपले. ते दवाखान्याचे समजून भरून राह्यले."

"गप राह्य," धम्मरत्न म्हणाला होता. "म्या कोणाचा पैसा खिशात घातला नाही."

ती गप राहिली होती.

*

ममताच्या मुलीनं, सलोनीनं, काकूला फोनवर आईसारखं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती यवतमाळला नर्सिंगच्या वसतिगृहात राहायची. घरी आली की तांब्याच्या खोलीत झोपायची नाही, आजीजवळ झोपायची. मोबाइल तिनंच आजीच्या पेटीतून काढला.

"स्पीकर लाव, काकू," ती म्हणाली. "सगळ्यांनाच ऐकू दे."

"कायले सगळ्यांले?" धम्मरत्न म्हणाला.

"आईचं आहे न काका? मग लपवायचं काय त्यात?"

"लपवून कोण राह्यलं? मोठी झाली तू लय."

"लाव व रुपाली," संघदीप म्हणाला. "एकदाचं होऊन जाऊ दे. पालथा करू अन् मोकळे होऊ."

रुपालीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग थोरल्या दिराकडे. संघदीपच्या चेहऱ्यावर आज वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी हलकं होतं. सकाळी त्यानं दाढी केली होती. ममतानं शेवटच्या दिवाळीला घेतलेला सदरा घातला होता. रुपालीला वाटलं, फोन लागू नये.

फोन लागला. आधी गाणं वाजलं, मग मशीनचा आवाज, मग एका मुलीचा. पुण्यामुंबईकडची वाटत होती. "मी आपली काय मदत करू शकते?"

रुपालीनं घसा खाकरला. बारीक, दोनदा.

सलोनीनं दाराची चौकट धरली.

"नमस्कार. मी ममता बोलतेय. माझ्या कार्डावर किती बाकी आहे तेवढं सांगता का, बरं का, सावकाश सांगा."

आवाज काकूचाच होता, हे सलोनीला समोर दिसत होतं. ओठ काकूचे हलत होते. पण बोलणं आईचं होतं. तो बरं का, मध्येच कुठेतरी टाकलेला. शाळेच्या मास्तरांशी, दूधवाल्याशी, शेवटी वॉर्डातल्या सिस्टरशी आई असंच बोलायची. तुळसाबाईनं डोळे मिटून घेतले. फोटोकडे कोणी पाहिलं नाही.

मुलीनं रक्कम सांगितली.

मग संघदीप हलकंच हसला. "चुकून राह्यली ती," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं कार्ड पाहून राह्यली. तेवढे त मुळात काढले होते."

"मॅडम, एटीएममधून काढलेली रोख रक्कम आहे ही," मुलगी म्हणाली. "मागच्या वर्षी मे महिन्यात होती, जवळपास तेवढीच आहे."

"पण आम्ही तर दर महिन्याला भरतोय," ममताच्या बोलण्यात रुपाली म्हणाली.

"हो, पेमेंट नियमित आहे तुमचं. पण कार्डावर दोन रकमा होत्या ना? एक हप्त्यांच्या खरेदीची, तिचं व्याज कमी. दुसरी रोखीची, तिचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आलेले पैसे आधी कमी व्याजाच्या रकमेत जातात. ती संपेपर्यंत रोखीला हात लागत नाही, तिच्यावर व्याज चढत राहतं. खरेदी दिवाळीच्या सुमारास संपली. त्यानंतर तुम्ही भरलेत, त्यातून इतक्या महिन्यांचं चढलेलं व्याज गेलं. मूळ रक्कम आहे तिथेच आहे."

संघदीपनं हे सगळं ऐकलं. मग त्यानं पहिली गोष्ट विचारली ती अशी, "मी मागं लिहिलं होतं न? चेकाच्या मागं. तिले इचार. कोणी वाचलं नाही का?"

विहारात दान दिलं की विचारतात, कोणाच्या नावानं? नाव सांगितलं की ते सगळ्यांसमोर वाचतात आणि ते दान त्या माणसाच्या नावे होतं. संघदीपनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं. पैसा कोणाच्या नावानं दिला हे लिहिलं की तो त्याच्याच कामी लागतो, यात शंका घेण्यासारखं काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. प्रत्येक चेकाच्या मागे त्यानं नीट अक्षरात लिहिलं होतं.

रुपालीनं विचारलं.

"चेकच्या मागचं आम्ही बघत नाही, मॅडम. पैशाला नाव नसतं. ते आपोआप होतं."

"मंग फ्रीजर म्या फेडला," संघदीप म्हणाला. तो रागावलेला नव्हता. हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसं बोलला. त्यानं भावाकडे पाहिलं. "तुहा फ्रीजर."

"मले काय माहीत बँक पैसा कुठं घालते?" धम्मरत्न म्हणाला. "म्या सांगतलं का त्याइले, माह्यात घाला म्हणून?"

"मग तुमचे हप्ते कुठं गेले, काका?" सलोनीनं विचारलं.

"फिटलं म्हणे तवा बंद केले. फिटल्यावर कोण भरते?"

"कोण म्हणे फिटलं?"

धम्मरत्नची नजर बायकोकडे वळली. सगळ्यांनी रुपालीकडे पाहिलं. फोन तिच्या तळहातावर होता आणि पलीकडची मुलगी म्हणत होती, "हॅलो? मॅडम, आहात का? तुम्हाला तक्रार नोंदवायची असेल तर मी घेते. आलेले पैसे रोखीच्या रकमेत धरावेत, असा अर्ज वरिष्ठांकडे पाठवता येतो. होईलच असं नाही. नोंदवू का?"

"नोंदव म्हण," संघदीप म्हणाला.

रुपालीला तेच म्हणायचं होतं. तिनं मनात वाक्य जुळवलंसुद्धा. हो, नोंदवा, आणि हेही लिहा की फ्रीजर माझ्या नवऱ्याचा आहे, त्यांना दिवाळीपासून माहीत आहे. नवरा काय करेल याची तिला आज भीती वाटत नव्हती. तिनं तोंड उघडलं. घसा आपोआप खाकरला गेला, दोनदा.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं मागून."

फोनवरची मुलगी म्हणाली, "काय म्हणालात, मॅडम?"

रुपालीनं दुसरा हात तोंडावर ठेवला होता. ती मान हलवत होती, नाही नाही अशी. डोळ्यांतून पाणी येत होतं. "म्या नाही," ती बोटांच्या आडून म्हणाली, "भाऊजी, हे म्या नाही म्हटलं."

"नवऱ्याले वाचवून राह्यली काकू," सलोनी म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच खरा वाटला नाही.

"नाही व पोरी," तुळसाबाई म्हणाली. तिनं डोळे उघडले नव्हते. "तीच हाय."

संघदीप उठला. तो रुपालीच्या समोर येऊन बसला आणि तिच्या हातातल्या फोनकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. सगळ्यांना वाटलं, तो ओरडेल. तो हळूच म्हणाला, "नाही, ममता. लय झालं मागून."

मग त्यानं फोन घेतला. वर्षभरात त्यानं वारली हा शब्द कोणापाशी उच्चारला नव्हता. लोक विचारायचे तेव्हा तो म्हणायचा, ती नाही आता. नगरपरिषदेत मृत्यूचा दाखला काढायला सुद्धा सलोनी गेली होती.

"हॅलो," तो म्हणाला. "तक्रार नाही. कार्डवाली बाई वारली आहे. माही बायको. मागच्या मे महिन्यात वारली."

पलीकडून दुसऱ्या टेबलांवरच्या मुलींचं बोलणं ऐकू येत होतं.

"सॉरी, सर," मुलगी म्हणाली. "मग आत्ता माझ्याशी कोण बोलत होतं?"

संघदीपनं रुपालीकडे पाहिलं. तिचा हात अजून तोंडावर होता.

"घरातलंच माणूस होतं," तो म्हणाला.

मुलगी दाखला पाठवायचं, वरिष्ठ बोलतील, असं काहीतरी सांगू लागली. तो हो हो म्हणत राहिला आणि शेवटी त्यानं फोन पाटावर, तांब्याजवळ ठेवला.

*

"फिटलं नाही त पालथा होत नाही," तुळसाबाई म्हणाली. "आता पाणी कोण पेते, ते सांगा."

"मी पेतो," संघदीप म्हणाला.

"तू काहून? तू त एकडाव फेडलं."

"माय, आपण मानत नाही हे," धम्मरत्न म्हणाला. त्याला घाम आला होता. "वर्षभर सांगून राह्यलो. पाणी आहे ते, बाकी काही नाही."

"मग प्या न, काका," सलोनी म्हणाली. "पाणीच आहे."

"पेतो. त्यात काय आहे?"

तो गुडघ्यांवर पुढे सरकला. तांब्याच्या वर हात नेला आणि तिथेच थांबला. संघदीपनं भावाच्या खांद्यावरून पाहिलं, आणि त्यालाही दिसलं. पाणी कालच्या संध्याकाळचं होतं. त्यानंतर त्यात कोणी भर घातली नव्हती. वर्षभर ते रोज दोन बोटं खाली जायचं. आज ते काठाला लागून, फुगून उभं होतं. हात लावला असता तर सांडलं असतं. पूर्ण दुपार झाली होती आणि एक थेंब कमी झाला नव्हता.

धम्मरत्ननं हात मागे घेतला. "मले तहान नाही," तो म्हणाला.

तो भिंतीशी परत गेला, पण टेकला नाही.

रुपाली उठली. तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि उभ्यानंच तोंडाला लावला. संघदीप म्हणाला, "रुपाली, तुहं नाही ते," आणि उठायला लागला, पण तुळसाबाईनं त्याचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात अजून जोर होता. रुपाली न थांबता पीत राहिली. हनुवटीवरून पाणी ओघळून तिचं पोलकं भिजलं. तांब्या रिकामा झाला तेव्हा ती जोरानं खोकली. पोटातून आलेला, मोठा, तिचा स्वतःचा खोकला.

मग ती नवऱ्याकडे वळली.

"फ्रीजर इका," ती म्हणाली.

"काय?"

"फ्रीजर इका म्हणून राह्यली. बुधवारच्या आत. उमरखेडचा तो हॉटेलवाला इचारून राह्यला होता न? त्याले देऊन टाका. अन् उरलेलं दुकान चालवून फेडा, नाही त रोजानं जा. आता ते देणं आपलं हाय. म्या पेलं."

"अव, पण..."

"पण नाही अन् बिण नाही. वर्षभर गप राह्यली मी. माहा गळा बसला गप राहून राहून."

धम्मरत्न तिच्याकडे असा पाहत होता, जणू ती कोण हे त्याला आत्ताच कळत होतं. तुळसाबाई म्हणाली, "बोलली बुवा शेवटी," आणि संघदीपचं मनगट सोडलं.

संघदीपनं रुपालीच्या हातातून तांब्या घेतला. पाटावर पालथा ठेवला. कसलाही आवाज झाला नाही. लाइट आली आणि पंखा फिरू लागला, तेव्हा सलोनी दचकली, मग स्वतःच म्हणाली, "पंखा आहे."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर संघदीप नेहमीसारखा माठाजवळ गेला. कळशी भरली, मधल्या खोलीत आला, पाटाजवळ बसला आणि कळशी वाकवणार तेव्हा त्याला तांब्याचं बूड दिसलं. तो तसाच थांबला. वर्षभरात पहिल्यांदा हातातल्या पाण्याचं काय करायचं ते त्याला कळेना. फोटो होता, पाट होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खरंच कोणी नव्हतं.

स्वयंपाकघरातून रुपालीचा आवाज येत होता. ती सलोनीवर करवादत होती, मीठ काहून जास्त घातलं म्हणून, वऱ्हाडीत, घसा मोकळा करून. संघदीपनं थोडा वेळ त्या आवाजात दुसरं काही सापडतं का ते ऐकलं. काही नव्हतं.

मग तो कळशी मांडीवर घेऊन बसला आणि ओंजळीनं ते पाणी हळूहळू सगळं प्यायला.